खून आणि सदोष मनुष्यवध : एका भेदाचा इतिहास

सामान्य व्यवहारांत एका माणसानें दुसऱ्याचा जीव घेतला म्हणजे 'खून झाला' असें आपण म्हणतों. वर्तमानपत्रांचे मथळे तेंच सांगतात, चारचौघांत तेंच बोललें जातें, आणि ज्याच्या घरचें माणूस गेलें त्याला तर दुसरा शब्द सुचतच नाहीं. परंतु न्यायालयाची पायरी चढतांच या एका शब्दाचे दोन होतात : एक 'खून' आणि दुसरा 'सदोष मनुष्यवध'. मेलेला माणूस दोन्हीकडे सारखाच मेलेला असतो. मारणाराचा हात आणि त्यांतलें शस्त्र हींही सारखींच असूं शकतात. असें असतां एकाच्या गळ्याभोंवतीं फांस पडावा आणि दुसऱ्यानें कांहीं वर्षें कारागृहांत काढून घरीं परतावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. कित्येकांस तर ती वकिलांची हातचलाखी वाटते. प्रस्तुत लेखक कायदेपंडित नाहीं. इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हां कलमांचा कीस काढण्याचें काम त्या शास्त्राच्या जाणत्यांवर सोंपवून, हा भेद जन्मला कसा, वाढला कसा, आणि त्याच्या वाढींत न्यायाबरोबर अन्यायही कसा शिरला, एवढेंच येथें पाहण्याचा विचार आहे.

आपला फौजदारी कायदा इंग्लंडांतून आला, म्हणून आरंभही तेथूनच केला पाहिजे. इंग्रजी 'मर्डर' या शब्दाचा जुना अर्थ गुप्तपणें केलेला वध असा होता. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. जेते थोडे आणि जित फार. एखाद्या नॉर्मनाचें प्रेत रस्त्याच्या कडेला सांपडावें आणि मारणाराचा पत्ता लागूं नये, असें होऊं लागलें. तेव्हां असा नियम अंमलांत आला कीं, मारेकरी हजर न केल्यास त्या टापूंतील सर्व रहिवाशांनीं मिळून दंड भरावा. मृत मनुष्य इंग्रज होता असें सिद्ध करून दिलें तरच त्यांची सुटका. या दंडालाच 'मर्ड्रम' असें नांव होतें. १३४० सालीं हा दंड रद्द झाला. शब्द मात्र उरला, आणि हळूहळू तो अत्यंत दुष्ट बुद्धीनें केलेल्या वधास लावण्यांत येऊं लागला. म्हणजे या शब्दाचा एक पाय अगदीं आरंभींच माणसामाणसांच्या जिवाचें मोल निराळें मानण्यांत रोंवलेला होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें निराळ्या वेषांत ती पुन्हां भेटणार आहे.

त्या काळच्या इंग्लंडांत मनुष्यवधाच्या पायऱ्या फारशा नव्हत्या. ज्याच्या हातून मनुष्य मेला तो मरणदंडास पात्र. इतकेंच नव्हे, तर अपघातानें किंवा स्वसंरक्षणार्थ ज्याच्या हातून वध घडला त्यासही राजाकडे क्षमेची याचना करावी लागे. राजा अशी क्षमा देई; परंतु ती इतकी मुक्तहस्तानें दिली जाऊं लागली कीं, दरोडेखोर आणि दबा धरून मारणारेही तिचा लाभ घेऊं लागले. म्हणून दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दींत, १३९० सालीं, पार्लमेंटानें असा निर्बंध घातला कीं, दबा धरून अथवा पूर्वींपासून मनांत वैर बाळगून केलेल्या वधाला सरसकट क्षमापत्र लागूं होणार नाहीं. तसा स्पष्ट उल्लेख त्यांत असला पाहिजे. 'पूर्वसंकल्पित द्वेष' ही कल्पना कायद्याच्या दारांत प्रथम शिरली ती अशी, क्षमेला कुंपण घालण्यासाठीं.

तिला खरें बळ मिळालें तें एका विलक्षण चालीमुळें. धर्मोपदेशकांचा न्याय धर्मपीठानें करावा, राजाच्या न्यायालयानें त्यांस फांशी देऊं नये, असा मध्ययुगांत करार होता. धर्मोपदेशक ओळखावा कसा? तर त्याला वाचतां येतें कीं नाहीं यावरून. बायबलांतील एका स्तोत्राचा ठराविक श्लोक आरोपीपुढें धरीत. त्यानें तो वाचला कीं मान वांचली. पुढें साक्षर गृहस्थही याच दारानें बाहेर पडूं लागले, आणि ज्यांना अक्षर कळत नव्हतें ते तो श्लोक पाठ करूं लागले. १४८९ सालीं असें ठरलें कीं, गृहस्थास ही सवलत एकदांच मिळावी व खूण म्हणून त्याच्या अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्यावा. सुप्रसिद्ध नाटककार बेन जॉन्सन याचें उदाहरण आमच्या इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस ठाऊक असेल. १५९८ सालीं द्वंद्वयुद्धांत त्यानें गॅब्रिएल स्पेन्सर नांवाच्या नटास ठार मारलें, न्यायालयांत दोष कबूल केला, श्लोक वाचून दाखविला, आणि अंगठ्यावर डाग घेऊन तो बाहेर आला. त्याचीं उत्तमोत्तम नाटकें त्यानंतरचीं आहेत.

अर्थात् हा प्रकार असाच चालूं देणें राज्यकर्त्यांस परवडण्यासारखें नव्हतें. १५१२ पासून १५४७ पर्यंत जे निरनिराळे कायदे झाले त्यांनीं पूर्वसंकल्पित द्वेषानें केलेल्या वधास ही सवलत बंद केली. झालें! येथेंच दोन वाटा कायमच्या फुटल्या. द्वेष आधींपासून मनांत होता असें ठरलें तर तो 'मर्डर', आणि त्याला फांशी. अकस्मात् भांडण होऊन रागाच्या भरांत वध झाला असें ठरलें तर तो 'मॅनस्लॉटर', आणि त्याला अंगठ्यावरील डाग व फार तर वर्षभराची कैद. दोहोंमधील अंतर प्रत्यक्ष जीवनमरणाचें होऊन बसल्यामुळें, मारणाराच्या मनांत काय होतें हें शोधणें न्यायाधीशांना भागच पडलें. एरवीं जो विचार तत्त्ववेत्त्यांनीं करावयाचा, तो फांशीच्या दोरीमुळें न्यायाधीशांस करावा लागला.

राग हा वधाचा दोष कमी करतो, हें तत्त्व मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न आला : कोणता राग? सतराव्या शतकांतील न्यायाधीशांनीं याचीं उत्तरें एकेका खटल्यांत दिलीं, आणि १७०७ सालीं मुख्य न्यायाधीश होल्ट यांनीं तीं एका निकालांत एकत्र मांडलीं. अंगावर हात टाकून अपमान करणें, मित्रावर किंवा आप्तावर हल्ला होत असलेला पाहणें, इंग्रज नागरिकाचें स्वातंत्र्य अन्यायानें हिरावलेलें पाहणें, आणि आपल्या पत्नीस परपुरुषाशीं रत झालेली पाहणें, हीं तीं चार कारणें. शेवटल्या कारणाचें समर्थन करतांना होल्ट यांनीं व्यभिचार म्हणजे मालमत्तेवरील सर्वांत मोठें आक्रमण होय, असें म्हटलें. पत्नी ही मालमत्ता, आणि तिच्या मालकाचा राग क्षम्य! १६७१ सालच्या एका खटल्यांत तर अशा पतीच्या हातावर डाग द्यावयाचा तो हलक्या हातानें द्यावा, कारण याहून मोठी चीड येण्याजोगें कारण असूंच शकत नाहीं, अशी न्यायालयानें आज्ञा केल्याची नोंद आहे.

याच काळीं उलट बाजूस काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. स्त्री धर्मोपदेशक होऊं शकत नाहीं, म्हणून श्लोक वाचून सुटण्याची सवलत तिला नव्हती. पुरुषांच्या बरोबरीनें ती मिळण्यास सतराव्या शतकाचें अखेरचें दशक उजाडावें लागलें. शिवाय १३५१ च्या कायद्यानें पत्नीनें केलेला पतीचा वध हा नुसता वध नसून 'लघु राजद्रोह' ठरला होता. कारण पति हा तिचा राजा. या अपराधास शिक्षा म्हणजे स्त्रीस जाळणें. ही शिक्षा १७९० सालीं बंद झाली, आणि लघु राजद्रोह हा निराळा अपराध १८२८ सालीं नाहींसा झाला. म्हणजे एकाच घरांत, एकाच छपराखालीं, नवऱ्याच्या क्रोधाला हलक्या हाताचा डाग आणि बायकोच्या क्रोधाला चिता, अशी कायद्याची तराजू कित्येक शतकें होती.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. १८३४ सालीं मेकॉले येथें आला आणि त्याच्या अध्यक्षतेखालील मंडळानें १८३७ सालीं दंडसंहितेचा मसुदा सादर केला. तो मसुदा दप्तरांत जवळजवळ पाव शतक पडून राहिला. बार्न्स पीकॉक यांनीं त्यावर संस्कार केले, आणि १८६० च्या ऑक्टोबरांत त्याचा कायदा झाला. मेकॉले त्यापूर्वींच, १८५९ च्या डिसेंबरांत, निवर्तला होता. १ जानेवारी १८६२ पासून ही संहिता अंमलांत आली. इंग्लंडांतील निकालांच्या रानांतून वाट काढण्यापेक्षां प्रत्येक अपराधाची व्याख्या लिहून काढावी, हा तिचा बाणा. मनुष्यवधाच्या बाबतींत तिनें दोन कलमें लिहिलीं : २९९ वें सदोष मनुष्यवधाचें व ३०० वें खुनाचें. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, परंतु प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो, अशी ही रचना आहे.

या रचनेंत खुनाच्या आरोपांतून खालच्या अपराधाकडे उतरण्यास दोन दारें आहेत. पहिलें दार हेतूचें व ज्ञानाचें. ठार मारण्याचाच हेतु असेल तर तो खून. पण तेवढा हेतु नसून केवळ इजा करण्याचा असेल, तर ती इजा किती भयंकर होती हें पाहावें लागतें. जिच्यापासून मरण येण्याचा संभव आहे अशी इजा असल्यास सदोष मनुष्यवध. सामान्य सृष्टिक्रमांत मरण येण्यास जी पुरेशी आहे अशी असल्यास खून. 'संभव आहे' आणि 'पुरेशी आहे' या दोन शब्दप्रयोगांमध्यें माणसाचें आयुष्य लोंबकळतें. दुसरें दार अपवादांचें. वध खुनाच्या व्याख्येंत बसला तरी तो गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळें, आत्मसंरक्षणाची मर्यादा ओलांडून, सरकारी नोकरानें प्रामाणिकपणें पण अधिकाराबाहेर जाऊन, अकस्मात् उद्भवलेल्या झोंबाझोंबींत, अथवा प्रौढ मृताच्या संमतीनें झाला असेल, तर तो खून राहत नाहीं. (अविचारानें वा हयगयीनें घडलेला मृत्यु ही तिसरीच गोष्ट, तिच्यासाठीं ३०४-अ हें कलम १८७० सालीं मागाहून घातलें गेलें.)

पहिल्या दाराचा उंबरा कोठें आहे हें ज्या निकालानें प्रथम स्पष्ट केलें तो आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयाचा, १८७६ सालचा आहे. गोविंदा नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणानें आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोस लाथ मारली, पाठींत बुक्क्या घातल्या, ती खालीं पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा रोंवला, आणि तोंडावर दोनतीन ठोसे मारले. डोक्याचें हाड मोडलें नाहीं. परंतु मेंदूंत रक्तस्राव होऊन ती मुलगी तेथेंच किंवा थोड्याच वेळांत मरण पावली. सत्र न्यायाधीशानें त्यास खुनी ठरवून फांशी सांगितली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींत मतभेद झाल्यामुळें प्रकरण न्यायमूर्ति मेलव्हिल यांच्याकडे आलें. त्यांनीं २९९ आणि ३०० हीं दोन्ही कलमें शेजारीं शेजारीं मांडून, शब्दाला शब्द लावून पाहिला, आणि असा निर्णय दिला कीं, येथें ठार मारण्याचा हेतु दिसत नाहीं, आणि मुठीचे दोनतीन ठोसे सामान्य सृष्टिक्रमांत मरण येण्यास पुरेसे म्हणतां येत नाहींत. म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. गोविंदाची मान वांचली. आज दीडशें वर्षें होत आलीं, तरी कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा निकाल शिकतो.

तर्काच्या दृष्टीनें मेलव्हिलसाहेबांचा निर्णय बिनचूक आहे, असें माझें मत आहे. ज्यानें मारण्याचें योजिलें आणि ज्याच्या हातून मरण घडलें, त्या दोघांस एकाच दोरीनें लटकविणें हा न्याय नव्हे. येथें पुढें आमच्या नागपूरचे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं सर्वोच्च न्यायालयांत १९५८ सालीं एक मोलाची भर घातली. भाल्याच्या एकाच घावाचा तो खटला होता. 'मला मारावयाचें नव्हतें' एवढें म्हणून भागणार नाहीं. जी इजा प्रत्यक्ष झाली तीच करण्याचा हेतु होता काय, एवढेंच आरोपीच्या मनाविषयीं पाहावयाचें, आणि ती मरणास पुरेशी होती काय हें वैद्यकीय पुराव्यावरून स्वतंत्रपणें ठरवावयाचें, असा नियम त्यांनीं घालून दिला. पहिलें दार त्यामुळें उघडें राहिलें, परंतु सताड उघडें राहिलें नाहीं.

मात्र गोविंदाच्या निकालाविषयीं एक गोष्ट मनास लागून राहते. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत त्या प्रकरणास मारणाराचें नांव आहे. मरणारी ही नुसतीच 'पंधरा वर्षांची मुलगी' आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मेकॉलेच्या संहितेविषयीं वर्गांत बोलतांना मीं हा खटला सांगितला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी जागेवरून उठली आणि म्हणाली, "सर, त्या मुलीनें रोज मार खाऊन एखाद्या रात्रीं तो झोंपला असतां त्याच्या डोक्यांत पाटा घातला असता, तर कायद्यानें काय म्हटलें असतें?" त्या दिवशीं मीं कांहीं तरी उत्तर दिलें, तें तिला पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाही पटलें नाहीं. तिचा प्रश्न दुसऱ्या दाराचा होता.

दुसऱ्या दाराशीं कायदा दोन गोष्टी मागतो : प्रक्षोभ गंभीर हवा, आणि आकस्मिक हवा. मुंबईच्या नानावटी खटल्यानें या दोहोंची कसोटी पाहिली. २७ एप्रिल १९५९ रोजीं नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांस पत्नीनें आपला प्रेम आहुजा या गृहस्थाशीं संबंध असल्याचें सांगितलें. त्यांनीं पत्नीस व मुलांस सिनेमागृहीं पोंचविलें, नौकेवर जाऊन खोट्या सबबीनें रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसें घेतलीं, आणि आहुजाच्या घरीं जाऊन त्यास गोळ्या घातल्या. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांस निर्दोष ठरविलें. शहरांतील सहानुभूतीचा पूर त्यांच्याच बाजूचा होता. सत्र न्यायाधीशांस तो कौल पटला नाहीं, व प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलें. तेथें १९६० सालीं खून शाबीत होऊन जन्मठेप झाली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. दुपारीं दीडपासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंतच्या अवधींत राग निवण्यास पुरेसा वेळ मिळाला होता, असें न्यायालयानें म्हटलें. पुढें १९६४ सालीं राज्यपालांनीं नानावटींस क्षमा केली. जें दार न्यायालयानें लावलें तें सहानुभूतीनें उघडलें, असा याचा अर्थ. आणि ती सहानुभूति होल्ट यांच्या काळापासून चालत आलेल्या पतीच्या क्रोधासच होती, हें मान्य केलें पाहिजे.

आतां त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. इंग्लंडांत १९४९ सालीं डफी नांवाच्या स्त्रीचा खटला झाला. नवऱ्याचा मार सोसलेल्या या स्त्रीनें तो बिछान्यांत असतां त्यास ठार मारलें. न्यायाधीश डेव्हलिन यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, आत्मसंयमाचा लोप अकस्मात् व तात्पुरता झाला असला पाहिजे. दीर्घकाळच्या छळानें सूडाची भावना निर्माण होत असेल, तर तिच्यांत विचार करण्यास अवसर असतो, आणि म्हणून ती आरोपीच्या विरुद्धच जाते. ती स्त्री खुनी ठरली. नियम वरवर पाहतां सर्वांस सारखा. परंतु त्याचा परिणाम सारखा नाहीं. अंगांत बळ असलेल्याचा राग तत्काळ हातांत उतरतो. दुबळ्याचा राग वाट पाहतो, कारण समोरासमोर उठल्यास मरावयाचें तें त्यालाच. कायद्यानें पहिल्यास 'आकस्मिक' म्हणून क्षमा केली आणि दुसऱ्यास 'पूर्वसंकल्पित' म्हणून फांशी सांगितली.

हा विचार न्यायालयाच्या गळीं उतरण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं, आणि त्यास निमित्त झाली ती एक पंजाबी स्त्री. किरणजित अहलुवालिया हिनें दहा वर्षें नवऱ्याचा छळ सोसला, आणि १९८९ च्या मे महिन्यांत तो झोंपला असतां त्याच्या बिछान्यास आग लावली. तो त्यांत मेला. त्याच वर्षीं ती खुनी ठरून तिला जन्मठेप झाली. १९९२ सालीं अपील न्यायालयानें तो निकाल रद्द केला आणि मानसिक जबाबदारी क्षीण झाली होती या कारणावरून पुढें ती सदोष मनुष्यवधाचीच दोषी ठरली. भोगलेली कैद पुरेशी मानून तिची सुटका झाली. वध करण्यापूर्वीं कांहीं काळ गेला एवढ्यानेंच प्रक्षोभाचा बचाव आपोआप बाद होत नाहीं, हेंही त्या निकालांत मान्य झालें, तरी अकस्मात् संयम सुटण्याची अट उरलीच. ती २००९ च्या कायद्यानें गेली. प्रक्षोभाचें जुनें तत्त्वच त्यानें रद्द केलें व त्याच्या जागीं 'आत्मसंयमाचा लोप' हें नवें तत्त्व आणिलें. हा लोप अकस्मात् झाला असला पाहिजे अशी अट त्यांत नाहीं. गंभीर हिंसेची भीति हें त्याचें एक मान्य कारण आहे. आणि जोडीदाराचा व्यभिचार हें एकटें कारण मात्र वगळलेलें आहे. होल्ट यांनीं १७०७ सालीं जी गोष्ट सर्वांत प्रबळ मानली होती, ती तीनशें वर्षांनीं कायद्यानें बाहेर काढली, आणि जिला स्थान नव्हतें तिला आंत घेतलें.

आपल्याकडे दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. २९९ व ३०० या कलमांचे आंकडे बदलून १०० व १०१ झाले. शब्द बहुतांशीं मेकॉले-पीकॉक यांचेच राहिले, आणि 'गंभीर व आकस्मिक' ही जोडीही तशीच राहिली. मद्रास उच्च न्यायालयानें १९८९ सालीं दीर्घकाळ सांचत गेलेल्या प्रक्षोभासही या अपवादांत स्थान आहे असें म्हटलें होतें. परंतु संहितेच्या शब्दांत ती गोष्ट अद्याप उतरलेली नाहीं.

तेव्हां खून आणि सदोष मनुष्यवध हा भेद वकिलांची हातचलाखी खास नव्हे. कृत्याइतकेंच मनही पाहावें, हें त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व माणुसकीचें आहे. तें सोडून दिलें तर श्लोक न येणारा प्रत्येक अभागी मनुष्य पुन्हां फांशीच जाईल. परंतु मन पाहतांना न्यायाधीश आणि समाज हे सहसा स्वतःसारख्याचें मन ओळखतात, आणि दुसऱ्याचें त्यांस ओळखूं येत नाहीं. बेन जॉन्सनचा राग कायद्यास समजला, नानावटींचा राग मुंबईस समजला. झोंपलेल्या नवऱ्याकडे पाहत अंधारांत जागणाऱ्या स्त्रीच्या मनांत काय असतें, हें समजण्यास मात्र शतकें लागलीं. माझ्या विद्यार्थिनीस आज उत्तर द्यावयाचें झाल्यास मी एवढेंच म्हणेन कीं, 'आकस्मिक' हा एक शब्द जोंपर्यंत आमच्या कलमांत आहे, तोंपर्यंत तिचा प्रश्न विचारण्याची गरज संपलेली नाहीं.